नव्या फरशीवरचा पांढरा थर : घाई नको, अ‍ॅसिड तर नकोच

ज्या घरात आमच्या आया पहाटे उठून शेणाने सारवत असत, त्या घरात आता टाइल्स बसू लागल्या आहेत. रमाई आवास योजनेचे घरकुल मिळाले, चार पैसे गाठीला राहिले, की पहिली हौस फरशीची. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वस्त्यांतून वर्गणी काढून विहारांतही टाइल्स लागत आहेत. आनंदाची गोष्ट आहे. पण मिस्त्री हिशेब घेऊन गेला की दुसऱ्याच दिवशी घरची बाई कपाळाला हात लावते. कितीही पुसा, पाणी वाळले की फरशी पुन्हा पांढरी!

आमच्या वस्तीतील विहारात हेच झाले. १६ ऑक्टोबर तोंडावर आला होता. १९५६ साली याच तारखेला बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली. त्यामुळे बाहेरगावचे पाहुणे येणार आणि फरशी अशी! कुणीतरी म्हणाले, अ‍ॅसिड टाका. धूळ येऊ नये म्हणून दारे लावून महिला मंडळाच्या भगिनी उघड्या हातांनी घासायला बसल्या. डाग जाईनात म्हणून एकीने वरून ब्लीचिंग पावडर टाकली. क्षणात घशात आग झाली, सगळ्या खोकत बाहेर पळाल्या. एका वयस्क उपासिकेला दवाखान्यात न्यावे लागले. ती बरी झाली, पण सांध्यांतले सिमेंट भुसभुशीत होऊन निघू लागले. अ‍ॅसिडची बाटली आणून देणारे आम्हीच होतो, हे कबूल केले पाहिजे.

अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन हा विषारी वायू निघतो. संडास धुण्याच्या द्रावणातही बहुधा अ‍ॅसिडच असते, म्हणून तेही ब्लीचिंगमध्ये मिसळू नये. असे घडलेच तर सर्वांनी ताबडतोब मोकळ्या हवेत यावे. डोळ्यांत किंवा अंगावर अ‍ॅसिड उडाले तर वाहत्या पाण्याने वीस मिनिटे धुवावे आणि दवाखाना गाठावा. १८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले. दुकानदाराने ओळखपत्र पाहून नोंदवहीत नाव लिहिले पाहिजे.

मग हा पांढरा थर असतो तरी काय? आपल्या राजुरा-कोरपना भागातला चुनखडीचा दगड भट्टीत भाजून सिमेंट तयार होते. सांधे भरताना त्या सिमेंटचे पाणी टाइलवर पसरते आणि वाळून बसते. हा झाला पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारात सांध्यातला चुना ओलाव्याबरोबर वर येतो, हवेतल्या कार्बन डाय-ऑक्साइडशी मिळून पांढरा पडतो. पुसल्यावर सांध्यांवर पुन्हा पुन्हा येतो तो हा. खाली ओल आहे तोवर तो येतच राहणार. म्हणून आधी ओल कुठून येते ते शोधावे. बादल्यांनी पाणी ओतल्यास तो वाढतो.

आता उपाय क्रमाने सांगतो.

१) सांधे भरल्यावर अर्ध्या तासाच्या आत मिस्त्रीकडून घट्ट पिळलेल्या स्पंजाने टाइल पुसून घ्यावी. पाणी वरचेवर बदलावे. हे झाल्याशिवाय हिशेब चुकता करू नये.

२) दुसऱ्या दिवशी जुन्या टॉवेलने फरशी कोरडीच रगडावी. बहुतेक थर इथेच निघतो.

३) राहिलाच, तर दहा-बारा दिवस सांधे पक्के होऊ द्यावेत. मग चार लिटर पाण्यात एक कप पांढरे व्हिनेगर घालावे. सांधे आधी साध्या पाण्याने ओले करावेत, म्हणजे ते व्हिनेगर पिणार नाहीत. हातमोजे घालून थोडी थोडी जागा नरम ब्रशने घासावी. लगेच दोनदा साध्या पाण्याने पुसून कोरडी करावी. तारेची घासणी वापरू नये.

४) कोटा, कडप्पा किंवा संगमरवर असेल तर व्हिनेगरही नको. हे दगड चुन्याचेच, आंबट लागले की त्यांची चमक जाते.

५) सांध्यांचा रंग कुठे गडद, कुठे फिका दिसला तर पूर्ण वाळेपर्यंत थांबावे. मसाल्यात पाणी कमीजास्त झाल्यानेही असे होते. तो फरक घासून जात नाही. त्यावर सांध्यांचा रंग मिळतो, तो लावून घ्यावा.

काहीही वापरण्याआधी पलंगाखालच्या एका कोपऱ्यात करून पाहावे. धम्मवंदनेत आपण रोज ‘एहिपस्सिको’ म्हणतो, ये आणि स्वतः पाहा. त्या दिवशी आम्ही न पाहता ऐकीव सांगण्यावर विसंबलो आणि त्याची झळ आमच्या माउलीला बसली. फरशी चार दिवस पांढरी राहिली तर धम्माचे काही बिघडत नाही. आणि विहाराची फरशी घासणे हे एकट्या बायकांचे काम नव्हे. पुढच्या वेळी ब्रश आमच्या हाती असेल.

जयभीम!