कुठलं मशीन कुणाशेजारी? सेल लेआउटचं साधं गणित

खडकवासल्याहून पुण्याकडे येताना नांदेड फाटा, धायरी, नऱ्हे इथे छोटी वर्कशॉप ओळीने लागतात. बऱ्याच ठिकाणी रचना एकच: लेथ एका बाजूला, मिलिंग दुसरीकडे, ग्राइंडर कोपऱ्यात. प्रत्यक्ष कटिंगला दहा मिनिटं लागणारा जॉब ट्रॉलीवर दोन-दोन दिवस पडून राहतो. मटेरियलचे पैसे गेलेले असतात, बिल मात्र निघत नाही. म्हणून आजचा विषय सेल्युलर मॅन्युफॅक्चरिंग.

कल्पना सोपी आहे. ज्या जॉबना तीच तीच मशीन्स लागतात त्यांचं एक कुटुंब करायचं आणि ती मशीन्स शेजारी बसवायची. ब्रिटनच्या जॉन बर्बिज यांनी रूट कार्डवरून अशी कुटुंबं शोधायची पद्धत मांडली. म्हणजे सुरुवात महागड्या सॉफ्टवेअरने नाही, आपल्याकडच्या कागदांनी होते.

समजा आपल्याकडे चार मशीन्स आणि पाच जॉब आहेत. जॉबला मशीन लागतं तिथे १, नाहीतर ०.

लेथ: १ ० १ ० ०
मिलिंग: ० १ ० १ १
ग्राइंडर: १ ० १ ० ०
ड्रिल: ० १ ० ० १

आता १९८० मध्ये किंग यांनी दिलेली रँक ऑर्डर क्लस्टरिंग पद्धत लावू. डावीकडून रकान्यांना १६, ८, ४, २, १ असं वजन द्या आणि प्रत्येक ओळीची बेरीज करा. लेथ २०, ग्राइंडर २०, मिलिंग ११, ड्रिल ९. मोठ्यापासून लहान असा क्रम लावा. मग रकान्यांचंही तसंच करा. क्रम बदलायचा थांबला की काम झालं. इथे जॉब १ आणि ३ लेथ-ग्राइंडरकडे जातात. २, ५ आणि ४ मिलिंग-ड्रिलकडे. दोन सेल तयार!

दुसरा रस्ता मॅकऑली यांचा, १९७२ चा. दोन मशीन्समध्ये सामाईक जॉब किती, भागिले दोघांपैकी कुठल्याही मशीनवर जाणारे एकूण जॉब. मिलिंग आणि ड्रिलचे सामाईक दोन, एकूण तीन, साम्य ०.६७. लेथ आणि मिलिंगचं शून्य. जास्त साम्य असलेल्यांना आधी एकत्र करत जायचं.

खरी अडचण पुढे येते. समजा जॉब ३ ला ड्रिलही लागलं, तर तो एका सेलमधून दुसऱ्यात जाणार. असे अपवाद वाढले की किंगच्या पद्धतीचं उत्तर सुरुवातीच्या क्रमावरही अवलंबून राहतं. मग गट चांगला की वाईट, ठरवायचं कसं? त्यासाठी सुरेश कुमार आणि चंद्रशेखरन यांनी १९९० मध्ये एक माप दिलं. एकूण १ मधून सेलबाहेरचे १ वजा करा. एकूण १ मध्ये सेलच्या आतले ० मिळवा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. आपल्या तक्त्यात आधी ९ भागिले १०, म्हणजे ९० टक्के. अपवाद आल्यावर ९ भागिले ११, म्हणजे सुमारे ८२.

पण मंडळी, या तक्त्याला जॉबची संख्या कळत नाही. महिन्याला पाच नग आणि पाच हजार नग, दोन्हींना १ च. शिवाय सेलमधलं एकुलतं एक ग्राइंडर बंद पडलं तर अख्खा सेल थांबतो, आणि एका माणसाला दोन-तीन मशीन्स चालवता यावी लागतात. म्हणून फाउंडेशन उखडण्याआधी हा तक्ता आपल्या ऑपरेटरसमोर ठेवा. कुठला १ खोटा आहे, ते तोच पहिल्यांदा सांगेल.

भेटू पुढच्या भागात!