मावशीची राखून ठेवलेली विद्या

मराठी लोककथेत मांजर ही वाघाची मावशी. भाच्याला तिने सारे शिकवले, पण झाडावर चढण्याची विद्या तेवढी राखून ठेवली. पुढे भाचाच अंगावर धावून आला, तेव्हा त्या विद्येनेच तिचे प्राण वाचवले. पट्टेरी वाघापुरती ही कथा बरीचशी खरी आहे. मात्र ग्रामीण महाराष्ट्रात ज्याला सर्रास वाघच म्हणतात, तो बिबट्या ही विद्याही पुरती शिकलेला आहे.

मुख्य कारण वजनाचे. पट्टेरी वाघाचा पूर्ण वाढलेला नर २०० किलोंच्या आसपास भरतो, तर बिबट्याचा नर साधारण ५० ते ७० किलोंचा. प्राण्याची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट झाली तर वजन आठपट होते, स्नायूंचे बळ मात्र चौपटच वाढते. व्यापारी घरांत हा हिशेब चटकन उमजेल: खर्च आठपट, आवक चौपट. म्हणूनच वाघाचे बछडे लहानपणी झाडावर चढते आणि मोठेपणी ते सहसा सोडून देते. बिबट्याचे खांदे आणि मान अंगाच्या मानाने फार बळकट असतात, आणि लांब शेपटी फांदीवर त्याचा तोल सांभाळते. चित्त्याची नखे पुरती आत जात नाहीत. ती धावण्यासाठी आहेत, खोडाला धरण्यासाठी नव्हेत.

अंगी बळ असले तरी गरजही लागते. ताडोब्यात वाघाच्या शेजारी राहणाऱ्या बिबट्याला शिकार आणि जीव दोन्ही सांभाळण्यासाठी झाड हवे. भगवान महावीरांचे लांछन असलेला सिंह कळपात राहतो. त्याचे भक्ष्य हिरावण्याची छाती फारशी कोणाची होत नाही. तरीही टांझानियातील मन्यारा सरोवराकाठचे सिंह फांद्यांवर निजलेले दिसतात. माश्यांचा जाच आणि जमिनीची धग ही त्याची कारणे सांगितली जातात.

जासईहून खाडी ओलांडली की मुंबई. तिच्या उत्तरेकडील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबटे दाट वस्तीला खेटून राहतात. तेथील रानात पट्टेरी वाघ मोकळा नसल्याने भक्ष्य झाडावर नेण्याची निकड उरत नाही. जुन्नर-अकोले भागात तर बिबट्याने उसालाच रान मानले आहे. मादी उसातच पिलांना जन्म देते आणि तोडणीच्या वेळी ती पिले मजुरांना सापडतात. वनखाते त्यांना रात्री त्याच जागी ठेवते, आणि बहुधा आई येऊन त्यांना घेऊन जाते.

या प्रदेशात बिबट्याला खरा धोका विहिरीचा आहे. रात्री भक्ष्यामागे धावताना कठडा नसलेल्या विहिरीत तो कोसळतो. खोडाच्या सालीत रुतणारी नखे सिमेंटच्या गुळगुळीत कड्यांवर निरुपयोगी ठरतात. पोहता येत असले तरी थकून बुडण्याची भीती असते. पांजरपोळाला देणगी देताना आपल्या समाजाचा हात सढळ असतो. शेतातील विहिरीच्या कठड्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. त्याच विहिरीत माणसाचे मूलही पडू शकते.

बिबट्या पडल्याची वर्दी मिळाली की वनखात्याचे लोक आधी दोराने बाज खाली सोडतात. तिच्यावर बसून तो दम घेतो. नंतर पिंजरा उतरवतात, किंवा काठावरची गर्दी हटवून नुसती लाकडी शिडी लावतात. अंधार पडला, माणसांचा आवाज थांबला की बिबट्या शिडीच्या पायऱ्यांना नखे रोवून झाडावर चढावे तसा वर येतो आणि क्षणात उसात दिसेनासा होतो.