रंगाखालचा पत्रा

‘१९६४ची इटालियन व्हेस्पा, पूर्ण ओरिजिनल, फुल रिस्टोअर्ड.’ फोटोत फिकट आकाशी रंग, चकचकीत क्रोम, पांढऱ्या पट्ट्यांचे टायर. या जाहिरातीत सगळ्यात आधी तपासायचा शब्द म्हणजे ‘इटालियन’.

बजाजने व्हेस्पा आयात करायला सुरुवात केली १९४८ साली. १९६०च्या सुमारास व्हेस्पाच्या मूळ इटालियन कंपनीच्या, पियाजिओच्या, परवान्यावर ती इथेच तयार होऊ लागली. त्यामुळे १९६४ साली भारतीय गिऱ्हाइकाला मिळालेली नवी व्हेस्पा बहुधा बजाजचीच असणार. १९७१ साली करार संपला. व्हेस्पा हे नाव गेलं, घाट मात्र तोच राहिला. बजाज १५०, सुपर, १९७२ पासून चेतक आणि साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया ही सगळी त्याच घरातली भावंडं. इटलीतल्या १५० सीसी व्हेस्पाच्या सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर, पिस्टनची धावही ५७, म्हणजे १४५ सीसी. चेतकचंही तेच. त्यामुळे इंजिन मोजून जन्मगाव कळत नाही, आणि पुढच्या पत्र्यावरची ‘व्हेस्पा’ ही अक्षरं तर बाजारात सुटी विकत मिळतात.

(लँब्रेटावाल्यांचा मामला आणखी गमतीचा आहे. मुंबईच्या एपीआय कंपनीने ती आधी बनवली. पुढे लखनऊच्या स्कूटर्स इंडियाने लँब्रेटाच्या मूळ इनोसेंती कंपनीची यंत्रसामग्रीच इटलीहून विकत आणली. तेव्हा लखनऊची लँब्रेटा नकली म्हणणाऱ्याशी मी वाद घालीन.)

बजाज सुपरला व्हेस्पाची अक्षरं लावणं मला फार मोठा गुन्हा वाटत नाही. नोंदणी केल्यावर आठ-दहा वर्षं वाट पाहून मिळालेली स्कूटर लोकांनी तीस-तीस वर्षं वापरली. हेडलाइट फुटला तर पेठेत मिळाला तो लावला, कार्बुरेटर गेला तर दुसऱ्या गाडीचा बसवला. असली सरमिसळ हा त्या गाडीचा इतिहासच आहे. खोटेपणा सुरू होतो तो नंबरात आणि कागदात.

म्हणून आधी नंबर. व्हेस्पाला वेगळी चेसिस नसते, दाबून घडवलेला पत्राच तिचा सांगाडा. चेसिस नंबर उजवीकडे, मागच्या बाजूला, इंजिनावरचं पॅनेल काढलं की फ्रेमच्या पत्र्यावर ठोकलेला दिसतो. इंजिन नंबर इंजिनाच्या केसिंगवर, मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरजवळ. इटालियन गाड्यांत सुरुवातीच्या अक्षरांवरून मॉडेल कळतं: व्हीबीबी१टी म्हणजे साठच्या दशकातली १५०, व्हीएसई१टी म्हणजे सत्तरच्या दशकातली रॅली २००. शेवटचा टी फ्रेमचा. इंजिनावर त्याच जागी एम येतो. पुढचे आकडे दोन्हीकडे तेच असायला हवेत असं मुळीच नाही. त्यामुळे ‘मॅचिंग नंबर’ म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर हसून सोडून द्या. मात्र विक्रेता गाडी जीएस १५० सांगतोय आणि फ्रेमवर व्हीबीबी दिसतंय, तर तिथेच थांबा.

नंबर नुसता वाचून भागत नाही. त्यावर कागद ठेवून शिसपेन्सिल घासा. आरटीओत फॉर्मवर घेतात तीच ही पेन्सिल प्रिंट. अक्षरांची उंची कमी-जास्त असेल, आजूबाजूला कानस फिरल्याच्या रेघा असतील किंवा नंबराभोवती पत्र्याचा तुकडा जोडल्याची कड हाताला लागत असेल, तर नंबर दुसऱ्याच गाडीचा आहे. ताज्या रंगाच्या जाड थराखाली नंबर बुजलेला असला तर रंग खरवडायची परवानगी मागा. मालक नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच.

मग पत्रा. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा आणि पातळ कापडातून अंगभर फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे लांबी भरलेली आहे. थोडी असणारच, पण पायाखालच्या पाटाला आणि मधल्या उंचवट्याला चुंबक चिकटत नसेल तर तिथे पत्रा उरलेलाच नाही. गाडी आडवी करून खालून बघा. कारखान्यातलं स्पॉट वेल्डिंग म्हणजे सारख्या अंतरावर बारीक गोल खळ्यांची ओळ. त्याऐवजी वेल्डिंगची सलग, ओबडधोबड रेघ आडवी गेली असेल तर दोन अपघातग्रस्त गाड्यांची एक केलेली असू शकते. पुढच्या ढालीच्या आतून, हँडलचा दांडा जिथून खाली उतरतो तिथे पत्र्याला सुरकुत्या दिसल्या तर गाडीने समोरून मार खाल्लेला आहे. नवा रंग हे सगळं झाकतो. म्हणूनच मला गंजकी पण न रंगवलेली गाडी जास्त विश्वासार्ह वाटते.

चाकांवर एक नजर पुरे. जुनी १५० आणि सुपर आठ इंची, चेतक आणि इटालियन स्प्रिंट दहा इंची. चेतकचा घाट स्प्रिंटवरूनच आलेला, त्यामुळे स्प्रिंटचं सोंग घ्यायला चेतकच सोयीची पडते.

कागदांत आर.सी. बुक मूळ हवं. १९८९पूर्वीची नोंदणी असेल तर त्यावर तीन अक्षरं आणि पुढे आकडे असा जुना नंबर दिसेल. पुष्कळ जुन्या गाड्यांची नोंद ऑनलाइन दिसत नाही. ती बॅकलॉग एंट्री आधीच्या मालकाकडूनच करून घ्या, नंतर तो फोन उचलत नाही. इंजिन बदललेलं असायला हरकत नाही, पण तशी नोंद आर.सी.वर हवी. कर्जाचा बोजा तीस वर्षांनीही चढलेला सापडतो, तोही उतरवून घ्या.

केंद्र सरकारने २०२१ साली व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षांवरची दुचाकी ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. पण फ्रेम, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी त्यात बसत नाही, आणि अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. मंडईत भाजीला जायचं असेल तर साधी नोंदणीच नूतनीकरण करून चालू ठेवा.

रिस्टोअर केलेलीच गाडी मनात भरली असेल तर रंगापूर्वीचे उघड्या पत्र्याचे फोटो मागा. नीट काम करणारा मेस्त्री ते स्वतःहून दाखवतो. फोटो नसतील तर टोकन देऊ नका.