‘भात सोडला’ म्हणणाऱ्या रुग्णाला पुढे काय विचारायचे? आहारशास्त्राच्या इंटर्नशिपची तयारी, वडखळचे ताट समोर ठेवून

मधुमेहाचे निदान झाले की रायगड जिल्ह्यात पहिला बळी भाताचा जातो. ‘डॉक्टरांनी सांगितल्यापासून भात बंद’ असे रुग्ण अभिमानाने सांगतो, पण रक्तातील साखर काही उतरत नाही. जरा खोलात विचारले की उलगडा होतो. सकाळी घावणे, दुपारी तांदळाच्या दोन भाकऱ्या, संध्याकाळी चहाबरोबर पोह्यांचा चिवडा. तांदूळ ताटातून गेलेलाच नाही, त्याने फक्त रूप बदलले आहे.

हिशेब सोपा आहे. एका भाकरीला ५० ग्रॅम पीठ धरले तर सुमारे १७५ किलोकॅलरी आणि ३९ ग्रॅम कार्बोदके होतात. दोन भाकऱ्यांत १०० ग्रॅम तांदूळ पोटात जातो. तेवढ्याच तांदळाचा भात शिजवला तर तो अडीचशे-तीनशे ग्रॅम भरतो. हे गणित आहारशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थिनीला येते. अडचण वेगळीच आहे. रुग्णाला भाकरीबद्दल विचारायला हवे, हे तिला त्या क्षणी सुचते का? इंटर्नशिपची तयारी म्हणजे बरीचशी याच प्रश्नाची तयारी. मुंबई-गोवा महामार्गावरून अलिबागचा फाटा जिथे फुटतो ते वडखळ आणि त्याच्या आसपासची गावे हे त्यासाठी चांगले उदाहरण आहे.

इंटर्नशिपला एवढे महत्त्व का?

आपल्याकडे ‘डाएटिशियन’ ही पाटी लावणे आजवर फार सोपे होते. तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करूनही लोक सल्ले देतात. यात वेगळे उठून दिसते ते ‘आरडी’, म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ हे बिरुद. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन डाएटेटिक असोसिएशनची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर ते मिळते. एम.एस्सी. किंवा पदव्युत्तर पदविका पूर्ण केलेल्यांना या परीक्षेसाठी मान्यताप्राप्त रुग्णालयात सहा महिन्यांची इंटर्नशिप दाखवावी लागते.

आता कायद्याचीही जोड आहे. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत पोषणशास्त्राचा स्वतंत्र गट असून त्यात आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ दोघेही येतात. या कायद्यानुसार आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीला किमान ३,६०० तासांचे शिक्षण हवे, शिवाय केंद्रीय आणि राज्य नोंदवहीचीही तरतूद आहे. याच कायद्याचा आधार घेऊन विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून या विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवले. घरबसल्या पदवी घेण्याचा विचार असेल तर आधी हे लक्षात घ्या. परदेशातही कल हाच आहे. अमेरिकेत नोंदणीपूर्वी किमान १,००० तास देखरेखीखालचे प्रत्यक्ष काम करावे लागते.

वॉर्डात जाण्याआधी काय यायला हवे?

अनेक विद्यार्थिनींचा पहिला भ्रमनिरास रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात होतो. आपण पांढरा कोट घालून राउंडला जाऊ, अशी कल्पना असते. प्रत्यक्षात सुरुवातीचे दिवस सकाळी लवकर मुदपाकखान्यात हजेरी, ट्रॉलीवरच्या ताटांची मोजणी आणि कोणत्या खाटेला सॉफ्ट डाएट, कोणत्या खाटेला लिक्विड याची यादी जुळवण्यात जातात. हे काम कमी प्रतीचे वाटते, पण चुका होतात त्या इथेच. उद्या शस्त्रक्रिया आहे म्हणून ‘एनबीएम’, म्हणजे तोंडाने काहीही द्यायचे नाही, असे केस पेपरवर लिहिलेल्या रुग्णापुढे नाश्त्याची थाळी गेली तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते.

त्यामुळे केस पेपर वाचता येणे ही पहिली पायरी. एचबीए१सी, क्रिएटिनिन, पोटॅशियम, अल्ब्युमिन हे आकडे पाठ असून भागत नाही. पोटॅशियम वाढलेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णाला नातेवाईक प्रेमाने शहाळे आणून देतात, तेव्हा ते थांबवायला हा आकडा आठवला पाहिजे. नळीतून अन्न देण्याचे गणितही हातावर हवे. रुग्णाला १,५०० किलोकॅलरी द्यायच्या असतील आणि मिश्रणात दर मिलिलीटरला एक किलोकॅलरी असेल, तर २५० मिलिलीटरचे सहा फीड. नंतर डॉक्टर पाण्यावर मर्यादा घालतात आणि हेच गणित दुसऱ्यांदा मांडावे लागते.

बाकीची तयारी थोडक्यात सांगण्यासारखी आहे. हिपॅटायटिस बी ची लस आधीच घ्यावी. हात धुण्याची पद्धत शिकावी. वॉर्डातला फोटो, केस पेपरचा स्क्रीनशॉट मैत्रिणींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नये. शेवटची सूचना अनावश्यक वाटेल, पण सध्या सर्वाधिक गरज तिचीच आहे.

सगळ्यात कमी सराव होतो तो प्रश्न विचारण्याचा. ‘तुम्ही तेल किती खाता?’ याचे उत्तर ‘अगदी कमी’ असेच येते. त्याऐवजी ‘मावशी, महिन्याला तेलाच्या पिशव्या किती लागतात आणि घरात माणसे किती?’ असे विचारावे. चार लिटर आणि चार माणसे असे उत्तर आले तर माणशी रोज साधारण ३३ मिलिलीटर, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम तेल. ‘काल सकाळपासून काय काय खाल्ले?’ ही चोवीस तासांची आठवण घेतानाही वाटी कोणती, पळी केवढी, हे भांडे दाखवूनच विचारावे लागते. एकाची वाटी दुसऱ्याचा वाडगा असतो.

वडखळच्या ताटात काय असते?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांत ५२८ खाद्यपदार्थ आहेत. एवढे सगळे पाठ करण्यापेक्षा आपल्या भागातले पंचवीस-तीस नीट ओळखीचे असणे उपयोगाचे. वडखळच्या परिसरात ही यादी तांदळापासून सुरू होते. भात, भाकरी, घावणे, पेणचे पोहे, पेणचे पापड.

त्यानंतर मासळी. प्रथिने वाढवा म्हटले की तक्त्यात पनीर, मोड आलेली कडधान्ये आणि सोया येतात. खाडीकाठच्या घरात मात्र डब्यात जवळा आणि सुके बोंबील असतात. सुक्या बोंबलाच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग प्रथिनांचा असतो. तो आधीच घरात आहे, त्यासाठी पनीरवर वेगळा खर्च करायला नको. पण इथे लगेच दुसरा प्रश्न विचारायचा: मासा नुसता उन्हात वाळवलेला आहे की मीठ लावून खारवलेला? दिवसाला ५ ग्रॅम मिठाची मर्यादा असताना रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला खारवलेला तुकडा महागात पडतो. त्याच्या जोडीला पापड-लोणचे असेल तर बोलायलाच नको.

शाकाहाराचे वारही विचारावेत. सोमवार, गुरुवार, श्रावण, मार्गशीर्ष यांत घरातली मासळी बंद होते आणि त्या दिवशी प्रथिनांची जागा बटाट्याची भाजी घेते. त्या दिवसांसाठी भातशेतीनंतर याच जमिनीत येणारे कडवे वाल आहेतच. वालाचे बिरडे पथ्याच्या तक्त्यात क्वचितच दिसते. हिवाळ्यात रुग्ण हमखास विचारेल, ‘पोपटीला गेलो तर चालेल का?’ वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात शिजतात, त्यात तेल नाही की पाणी नाही. बटाटे बेताने खा, एवढे सांगून हो म्हणायला हरकत नसावी. सगळ्यालाच नाही म्हणणाऱ्या आहारतज्ज्ञाकडे रुग्ण दुसऱ्यांदा येत नाही.

आणखी एक गोष्ट शहरातल्या तक्त्यांत नसते, ती म्हणजे पाळी. जवळच डोळवीचा पोलाद कारखाना आहे. रात्रपाळी करणाऱ्या इन्सुलिनवरील कामगाराला ‘रात्री ८ वाजता हलके जेवण’ असा कागद दिला तर पहाटे त्याची साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. त्याचा दिवस किती वाजता सुरू होतो, इथून सुरुवात करावी लागते. मोठ्या कारखान्यांची कँटीन हेही आहारशास्त्राच्या प्रशिक्षणाचे ठिकाण होऊ शकते. २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यात कँटीन सक्तीचे करण्याची तरतूद १९४८ च्या कारखाने कायद्यातच होती. शेकडो माणसांच्या जेवणात मीठ-तेल थोडे कमी करून घेणे, हे एकेका रुग्णाच्या सल्ल्यापेक्षा मोठे काम आहे.

कुपोषित बाळाला लगेच भरपूर का देत नाहीत?

इंटर्नशिपचा काही काळ समाजातील कामासाठी असतो. पेण तालुक्यात ते काम बऱ्याचदा कातकरी वाड्यांपर्यंत जाते. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे राज्यातील विशेष असुरक्षित आदिवासी गट आहेत आणि पेणमध्ये एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. इथे हातात पुस्तक नाही, दंडाचा घेर मोजायची पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित गणले जाते. दोन्ही पायांवर सूज असेल तर घेर कितीही असला तरी धोका आहे.

अशा मुलाला गुंतागुंत असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करतात आणि सुरुवात ‘एफ-७५’ या पातळ दुधाने होते. १०० मिलिलीटरला ७५ किलोकॅलरी आणि प्रथिने एक ग्रॅमहूनही कमी. आईला वाटते, माझे बाळ आधीच उपाशी आणि हे पाणचट दूध काय देतात? कारण असे की, उपासमारीची सवय झालेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न मिळाले तर रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने घसरतात आणि हृदयावर ताण येतो. म्हणून सहा किलोच्या, सूज नसलेल्या बाळाला दिवसाला ७८० मिलिलीटर, तेही दर दोन तासांनी ६५ मिलिलीटर असे. भूक परतली की मग १०० किलोकॅलरीचे ‘एफ-१००’. हे आईला तिच्या शब्दांत समजावता आले नाही, तर ती तिसऱ्या दिवशी बाळाला घेऊन घरी जाते.

त्यापुढची अडचण कोणत्याही सूत्रात बसत नाही. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्या आणि कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ऑक्टोबरमध्ये वजन घेतलेले बाळ जानेवारीत त्या अंगणवाडीत नसते. त्यामुळे ‘पुढची भेट १५ दिवसांनी’ असे लिहिण्याआधी ‘दिवाळीनंतर कुठे जाणार?’ हे विचारायचे आणि उत्तर अंगणवाडी सेविकेपर्यंत, आशाताईंपर्यंत पोहोचवायचे.

वडखळहून इंटर्नशिप करायची तर?

जवळची सरकारी ठिकाणे म्हणजे पेणचे उपजिल्हा रुग्णालय आणि अलिबागचे जिल्हा रुग्णालय. तिथे अनुभव भरपूर मिळतो. पण तो काळ आरडी परीक्षेसाठी धरला जाईल का, हे वेगळे विचारावे लागते. मान्यताप्राप्त मोठ्या रुग्णालयासाठी बहुतेकींना पनवेल, नवी मुंबई किंवा मुंबई गाठावी लागते. पनवेल सुमारे ४० किलोमीटर. सकाळी सातची किचन ड्युटी असेल तर एसटीचा भरवसा ठेवता येत नाही, म्हणजे खोली किंवा वसतिगृह आलेच. काही रुग्णालये विद्यावेतन देतात, काही देत नाहीत, काही तर उलट शुल्क घेतात. सहा महिन्यांचा हा खर्च प्रवेश घेतानाच घरच्यांसमोर मांडलेला बरा, कारण आर्थिक ओढाताणीत मुलींची इंटर्नशिप अर्धवट राहू शकते.

जागा स्वीकारण्यापूर्वी लेखी विचारायच्या गोष्टी मोजक्याच. देखरेख करणारी आहारतज्ज्ञ स्वतः आरडी आहे का, मूत्रपिंड, मधुमेह, अतिदक्षता आणि बालरोग अशा किती विभागांत फिरवणार आणि शेवटी प्रमाणपत्रावर विभागवार आठवडे लिहून मिळणार का? केवळ ‘सहा महिने काम केले’ एवढ्या ओळीचे प्रमाणपत्र हाती आले की पुन्हा सही-शिक्क्यासाठी खेटे घालावे लागतात. तोवर ती आहारतज्ज्ञ दुसऱ्या रुग्णालयात गेलेली असू शकते. म्हणून लॉगबुकवर सही त्याच आठवड्यात घेतलेली बरी.