पिल्लाला दवाखान्याची सवय लहानपणीच लावा 🐾

आज फवारणी नाही, खत नाही. आज वावरातल्या राखणदाराबद्दल.

संत्रा बागेत रानडुकरं येतात म्हणून बऱ्याच सभासदांनी कुत्रा पाळला आहे. पण दरवर्षीची रेबीजची लस दिली का विचारलं, की उत्तर ठरलेलं: "दवाखान्यात तो हातच लावू देत नाही."

आमच्या घरीही तेच झालं. पिल्लू असताना त्याला पोत्यात घालून गाडीवर नेलं. पुढे दवाखान्याचं फाटक दिसलं की तो गुरगुरायचा. दुसऱ्या वर्षीची लस राहूनच गेली. चूक त्याची नव्हती, आमची होती.

३ ते १४ आठवडे या वयात पिल्लू जे पाहतं, त्याची भीती त्याला पुढे कमी वाटते. म्हणून आत्ताच हे करा:

✅ रोज २ मिनिटं कान, तोंड, पंजे हाताळा. लगेच भाकरीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्या.

✅ पोतं नको. संत्र्याच्या क्रेटमध्ये गोणपाट टाका. ४-५ दिवस तो घरातच ठेवून त्यात खायला द्या. मग मागं बसणाऱ्यानं क्रेट धरून गाडीवर छोटी चक्कर मारा.

✅ एकदा सुईविना दवाखान्यात न्या. वजन करा, खाऊ द्या, परत या. लसी पूर्ण होईपर्यंत तिथं खाली सोडू नका. पार्वोचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो.

✅ सुई देताना तोंडासमोर खाऊ धरा. ओरडू नका, मारू नका.

❌ घाबरलेलं पिल्लू लहान पोरांच्या हाती देऊ नका.

*लसी कधी?*
▪️ ६ ते ८ आठवडे: पार्वो-डिस्टेंपरची पहिली लस. पुढचे डोस आणि जंताचं औषध डॉक्टर सांगतील तसं.
▪️ ३ महिने: रेबीज. नंतर दरवर्षी.

⚠️ *कुत्रा चावला तर* जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा. हळद, तिखट लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही असंच समजा.

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. नागपूरजवळच्यांना सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे.

घरी पिल्लू असेल तर आज रात्री जेवण झाल्यावर फक्त त्याचे पंजे हातात घ्या. सुरुवात तिथूनच.

– तुमचा कृषी सल्लागार