तोंडांतील दाह आणि बुरशी



तोंड आलें कीं आपल्या घरांत निदान ठरलेलें असतें : "उष्णता झाली." मग गुलकंद येतो, तूप लावलें जातें, कोणी जाईचा पाला चघळावयास सांगतें. आठ दिवसांत आराम पडला तर त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु कांहींच्या तोंडांतील दाह महिनोन्महिने हटत नाहीं. आणि तपासणींत तेथें बुरशी आढळली, असें कळलें म्हणजे रोगी घाबरून जातो. ही बुरशी दाहाचें मूळ आहे, कीं दाहाचा फायदा घेऊन वाढलेली आहे, याचा विवेक झाल्याशिवाय उपचार नीट होत नाहीं.

या बुरशीचें नांव कॅन्डिडा. तिची सर्वांत परिचित जात कॅन्डिडा आल्बिकन्स. दोन्ही शब्दांच्या मुळाशीं लॅटिन भाषेंतील शुभ्रतेचा अर्थ आहे. जर्मनींतील लांगेनबेक यांनीं १८३९ सालीं एका ज्वरग्रस्त रोग्याच्या तोंडांतील या बुरशीचें वर्णन केलें. पुढें असें दिसून आलें कीं, अनेक निरोगी माणसांच्या तोंडांतही तिची वस्ती असते. लाळ, इतर जंतूंची स्पर्धा, अभंग अंतस्त्वचा आणि रक्तांतील पांढऱ्या पेशी तिला मर्यादेंत ठेवतात. तोंवर ती बहुधा गोलसर कणांच्या रूपानें राहते. हा बंदोबस्त ढिला पडला कीं त्या कणांना तंतु फुटून ते अंतस्त्वचेंत शिरतात. हे तंतु पेशींना इजा करणारें एक विष सोडतात, हें २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. वस्ती आणि आक्रमण यांतील भेद तो हाच.

आतां लायकेन प्लॅनस या दाहाचें उदाहरण घेऊं. लंडनचे इरॅस्मस विल्सन यांनीं १८६९ सालीं त्याचें वर्णन केलें. यांत गालांच्या आंतील बाजूस जाळीसारख्या पांढऱ्या रेघा उमटतात. कधीं अंतस्त्वचा सोलवटते आणि तिखटाचा कणही सोसवत नाहीं. शरीराच्या संरक्षक पेशीच येथें अंतस्त्वचेवर उलटलेल्या असतात. हा रोग संसर्गजन्य नव्हे. मात्र सोलवटलेल्या जागीं बुरशीला थारा मिळतो. दुखतें म्हणून दांत नीट घासले जात नाहींत. आणि दाह शमविण्यासाठीं दिलेलें स्टेरॉइड पहारेकऱ्यांनाच पेंगवितें. औषध योग्यच असतें, पण त्याची ही दुसरी बाजू ओळखून असावें.

बुरशीचा दह्यासारखा थर पुसतां येतो व खालीं लाल जागा दिसते. लायकेनच्या रेघा पुसल्या जात नाहींत. तथापि बुरशीचा दाह कधीं नुसता लालही असतो. म्हणून खरवडून घेतलेला अंश सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा लागतो. केवळ वस्ती आढळली म्हणून औषध घ्यावेंच लागतें असें नाहीं. आक्रमण झालें असेल तर निस्टॅटिनसारखीं औषधें आहेत. एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राउन या दोन विदुषींनीं ज्या न्यूयॉर्क राज्याच्या प्रयोगशाळांत तें शोधलें, त्या राज्यावरूनच त्याचें नांव पडलें. मात्र बुरशीच्या भीतीनें स्टेरॉइड आपल्या मनानें बंद करूं नये.

कवळी रात्रीं काढून स्वच्छ करून ठेवावी. दम्याचें स्टेरॉइड ओढल्यावर चूळ भरावी. मधुमेह आटोक्यांत ठेवावा. आणि कोणताही पांढरा वा लाल चट्टा दोन-तीन आठवडे टिकला, विशेषतः तंबाखू-मिश्रीची संवय असेल, तर तो दंतवैद्यास अवश्य दाखवावा. असा चट्टा कर्करोगाची पूर्वसूचनाही असूं शकतो. तेथें "उष्णता" म्हणून स्वस्थ बसणें फार महाग पडतें.