डोकमर्डीचा रस्ता, तुर्की व्याकरणातून

तुर्की भाषेत नामाच्या सहा विभक्ती धरतात. शालेय मराठी व्याकरण संस्कृतच्या वळणावर आठ मोजते. पण प्रत्यय नामाच्या शेवटी लागतात ही रीत दोन्हीकडे सारखीच. सिल्वासातल्या डोकमर्डीला तुर्कीत न्यायचे तर डोकमर्डीला म्हणजे ‘डोकमर्डीये’, डोकमर्डीत म्हणजे ‘डोकमर्डीदे’ आणि डोकमर्डीहून म्हणजे ‘डोकमर्डीदेन’.

सिल्वासाची रूपे मात्र ‘सिल्वासाया’, ‘सिल्वासादा’, ‘सिल्वासादान’ अशी होतील. प्रत्यय तेच, स्वर वेगळे. डोकमर्डीच्या शेवटी ई आहे. तिचा उच्चार जीभ पुढे आणून होतो, म्हणून प्रत्ययातही ए येतो. सिल्वासाच्या शेवटी आ आहे, म्हणून आ. हा स्वरमेळ तुर्कीत जवळजवळ प्रत्येक प्रत्यय पाळतो. मराठीत उलट प्रत्यय स्थिर राहतो आणि नामच वाकते: घोडा, घोड्याला.

द्वितीयेचे काम तर मराठी माणसाला ओळखीचे वाटावे. ‘मुलगी बघायला गेले’ आणि ‘मुलीला बघायला गेले’ यांतला फरक लग्नाच्या घरात कोणालाही समजावावा लागत नाही. तुर्कीत कर्म ठराविक असेल तरच द्वितीयेचा प्रत्यय लागतो, मग ते निर्जीव का असेना: ‘एव’ म्हणजे एखादे घर, ‘एवी’ म्हणजे ते नेमके घर.

खरी गंमत मालकी सांगताना आहे. मराठीत डोकमर्डीचा रस्ता, डोकमर्डीची शाळा. सिल्वासात कानावर पडणाऱ्या गुजरातीत डोकमर्डीनो रस्तो, डोकमर्डीनी शाळा. दोन्हीकडे प्रत्यय पुढच्या नामाचे लिंग पाहून बदलतो. तुर्कीत व्याकरणिक लिंगच नाही, त्यामुळे ‘-निन’ हा मालकीचा प्रत्यय पुढच्या नामानुसार बदलत नाही. पण मालकीची खूण दोन ठिकाणी करावी लागते: ‘डोकमर्डीनिन योलु’. ‘योल’ म्हणजे रस्ता, ‘योलु’ म्हणजे त्याचा रस्ता. शब्दशः ‘डोकमर्डीचा त्याचा रस्ता’ असे होते. ‘माझे’, ‘तुझे’ हेही प्रत्ययच: ‘एविम’ माझे घर, ‘एविन’ तुझे घर. हाच ‘एविन’ ‘घराचा’ या अर्थानेही येतो. कोणता अर्थ घ्यायचा ते वाक्यावरून ठरते.

हे सगळे प्रत्यय एकापुढे एक रचताही येतात. ‘एव-लेर-इमिझ-देन’ म्हणजे ‘आमच्या घरांतून’. आधी अनेकवचन, मग मालकी, शेवटी विभक्ती. मराठीत ‘आमच्या’ वेगळे लिहावे लागते आणि अनेकवचनाची खूण ‘घरां’वरच्या अनुस्वारावर येऊन थांबते.